फास कोणाला, बक्षीस कोणाला?

(एका व्याख्यानाचा सारांश)



गुन्हा आणि शिक्षा यांचे चित्र समोर आले की आपण गुन्हेगाराकडे पाहतो. शिक्षा देणाऱ्याकडे पाहण्याची सवय आपणांस नसते. ती सवय लावणारी एक जुनी चित्रमाला आहे.

लॉरेन प्रांतातील नान्सी शहरी झाक कालो नावाचा चित्रकार होऊन गेला. १६३३ साली फ्रान्सच्या राजाच्या सैन्याने नान्सी घेतले. त्याच वर्षी कालोची युद्धाच्या हालअपेष्टांवरील अठरा चित्रे पॅरिसला प्रसिद्ध झाली. एकेक चित्र वीतभर रुंदही नाही. तांब्याच्या पत्र्यावर रोगण चढवावयाचे, सुईने रेघा ओढावयाच्या, आम्लाने त्या कोरून घ्यावयाच्या आणि शाई भरून कागदावर छापावयाचे, अशी ही कला. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत. म्हणून राजवाड्यातील भिंतीपेक्षा हे चित्र दूरवर पोहोचे.

आता चित्रांचा क्रम ध्यानात घ्या. प्रथम सैनिकांची भरती होते. मग लढाई. मग तेच सैनिक शेतकऱ्याचे घर लुटतात, गाव जाळतात. नंतर ते पकडले जातात आणि लागोपाठ पाच चित्रांत शिक्षा येतात: दोराने टांगून आपटणे, फाशी, गोळ्या घालणे, जाळणे, चाकावर हाडे मोडणे. फाशीच्या चित्रात एकाच झाडाला वीसाहून अधिक देह लोंबत आहेत. शिडीवर पाद्री क्रूस दाखवीत आहे आणि झाडाखाली दोघे ढोलावर फासे खेळत आहेत. खाली छापलेल्या पद्यात या चोरांची निंदाच केलेली आहे.

लुटारूस शिक्षा नसावी, असे माझे म्हणणे नाही. ज्या शेतकऱ्याचे घर जळाले त्याला न्याय मिळालाच पाहिजे. परंतु पाने येथे संपत नाहीत. पुढे लुळेपांगळे सैनिक रुग्णालयाशी जमतात, कोणी रस्त्याकडेला मरतात, कोणाला संतप्त शेतकरी ठार मारतात. आणि अठराव्या चित्रात? सिंहासनावर बसलेला राजा बक्षिसे वाटीत आहे!

कालोच्या मनात काय होते, यावर जाणत्यांत एकमत नाही. पण क्रम आपल्यासमोर आहे. ज्यांना पगार देऊन शस्त्र हाती दिले त्यांच्यासाठी झाड आहे. ज्यांनी युद्ध पुकारले त्यांच्यासाठी एकाही चित्रात फास नाही.

म्हणून शिक्षेचे चित्र पाहाल तेव्हा घाबरून नजर खाली घालू नका. फासावर कोण आहे ते पाहा. मग आसनावर कोण आहे तेही पाहा. आपल्या मुलांनाही हे दोन प्रश्न विचारावयास शिकवा.