उन्हाशी जमवून घेताना
(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेले भाषण)



उत्सवाच्या मंडपात रोगाची वार्ता कशास, असे कोणी म्हणेल. परंतु या दारी येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण दुखणे घेऊनच येतात. मी बोलणार आहे ते मल्टिपल स्क्लेरॉसिस या व्याधीविषयी. तिला आपल्या बोलीत नाव नाही. पाय लटपटला की आपण लकवा म्हणतो, दृष्टी अंधुक झाली की चष्म्यास दोष देतो. दोहोंच्या मुळाशी एकच व्याधी असू शकेल, हे ध्यानी येत नाही.

1868 साली पॅरिस येथील शार्को या वैद्याने तिचे यथासांग वर्णन केले. विहिरीवरील मोटारीच्या तारेचे आवरण झिजावे, तद्वत् शरीराची संरक्षक शक्तीच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंचे वेष्टण कुरतडते आणि संदेश अडखळतात. बहुधा वीस ते चाळीस या वयात ती प्रकटते, आणि पुरुषांहून स्त्रियांत अधिक आढळते. ती संसर्गजन्य नाही. तीत कोणाच्या पूर्वसंचिताचा पुरावा शोधणे मला तरी निर्दयपणाचे वाटते.

आपल्या बीदर-कलबुर्गी भागात वैशाखी पारा चाळिसाच्या वर जातो, आणि येथेच या रोग्याची खरी परीक्षा असते. श्रमाने अंग तापले की अशा रोग्याची दृष्टी मंदावते व निवल्यावर पूर्ववत् होते, असे ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्याने 1890 मध्ये नोंदविले. सकाळी भाकरी थापणारी सून दुपारी तांब्या उचलू शकत नाही, आणि दिवेलागणीस पुन्हा हिंडूफिरू लागते. शेजारणींना हे सोंग वाटते. सोंग नव्हे ते; वेष्टण गमावलेल्या तंतूस उष्णता सोसत नाही. म्हणून चुलीपुढचे काम पहाटे उरकावे, दुपारी मानेवर ओला पंचा ठेवून पडावे, आणि थकवा येण्यापूर्वीच बसावे. मात्र नवे लक्षण चोवीस तासांत ओसरले नाही, तर मज्जाविकारतज्ज्ञास गाठावे.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून सांगतो. यांपैकी अनेकांना लघवीचा वेग आवरत नाही. प्रवासात आडोसा मिळणार नाही या धास्तीने स्त्रिया पाणीच वर्ज्य करतात. त्यातून मूत्रमार्गास जंतुबाधा होते, ताप चढतो, आणि तापाने पाय लुळे पडतात. घरचे म्हणतात, रोग बळावला. शौचगृहाला लावलेल्या कुलपाकडे कोणाचे लक्ष जात नाही!

समूळ बरे करणारे औषध अद्याप नाही. झटके विरळ करणारी आहेत, पण ती महाग. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने अशी तीन औषधे अत्यावश्यक यादीत घेतली, त्यांत तुलनेने स्वस्त रिटुक्सिमॅबही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात या व्याधीचा नामनिर्देश आहे; त्यानुसार प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. मुंबईत 1985 पासून रोग्यांची स्वतःची संस्थाही आहे. ‘चालता-फिरता माणूस दिव्यांग कसा?’ असे विचारणाऱ्यास त्याच माणसाला दुपारी पाहण्यास सांगावे.

व्यवस्थापक मंडळींस माझी विनंती आहे. दर्शनाच्या पायऱ्यांना कठडा बसवावा, शौचगृह उघडे ठेवावे, आणि भर दुपारच्या पंगतीत खाली बसता न येणाऱ्यांसाठी सावलीत चार खुर्च्या मांडाव्यात. खुर्च्यांचा खर्च मी देतो. त्या पंगतीबाहेर नव्हे, ओळीतच मांडाव्यात, एवढेच मागणे.