कराची तारीख आणि पगारदाराचा हक्क



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, संगीत किंवा अध्यात्म ह्यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही आज प्राप्तिकरावर बोलणार आहो. आम्ही कायदेपंडित नव्हे. जे शिकलो ते कामगारांच्या पगारपत्रकांवर बोट ठेवून शिकलो.

कामगार म्हणतो, "आमचा कर मालक कापतो, मग तारखेशी आम्हांला काय कर्तव्य?" ह्यात अर्धे सत्य आहे. व्यापारी आधी कमावतो, मागून कर भरतो. पगारदाराचा कर पैसा हाती येण्यापूर्वीच जातो. परंतु उरलेले अर्धे न पाहिल्यास ते महाग पडते.

आपल्या वर्तकनगरचेच पाहा. गृहनिर्माण मंडळाच्या ह्या वसाहतीत कित्येकांनी गिरणी-कारखान्यांच्या पगारावर संसार केले. शेजारची रेमंडची गिरणी २००९ साली बंद झाली. एकाच दारात जन्म काढण्याचा तो काळ गेला. आज आपली मुले दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलतात. घोटाळा होतो तो इथेच.

समजा, एका मुलाला दरमहा सव्वा लाख पगार आहे. सहा महिने एका कंपनीत आणि पुढचे सहा दुसरीत, असे वर्षाचे पंधरा लाख झाले. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीने पाऊण लाखाची वजावट जाऊन कर होतो ९७,५०० रुपये. पहिली कंपनी आपल्या सहा महिन्यांत निम्मा, म्हणजे ४८,७५० कापते. दुसरीला फक्त स्वतःचे साडेसात लाख दिसतात. बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणून ती एक पैही कापीत नाही. मुलगा मात्र समजतो, की कर कापून झाला!

ह्यावर उपाय साधा आहे. पहिल्या नोकरीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील दुसऱ्या मालकाला लेखी द्यावा. तो दिला नसेल, आणि कापून राहिलेला कर दहा हजार किंवा अधिक असेल, तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च ह्या तारखांना तो हप्त्यांनी आगाऊ भरावा. साठी उलटलेल्यांना, धंद्याचे उत्पन्न नसेल तर, ह्या आगाऊ हप्त्यांतून सूट आहे, करातून नव्हे.

तरीही मागणीची नोटीस आली, तर भिऊन ती दडवू नये. हल्ली ती बहुधा संगणकावरच येते आणि कोणी न वाचता पडून राहते. साधारणतः तीस दिवसांची मुदत असते; पुढे दरमहा एक टक्का व्याज चढते, आणि महिन्याचा एक दिवसही पुरा महिना धरतात. पैसे एकदम नसतील तर मुदत संपण्याच्या आत हप्ते मागता येतात. मागणी चुकीची वाटली तर उत्तरही मुदतीतच द्यावे.

आता हक्काचे सांगतो. काही मालक कर कापतात आणि सरकारात भरीतच नाहीत. पगारातून जेवढा कर कापला गेला, तेवढा पुन्हा कामगाराकडून मागता येत नाही, असे कायदाच सांगतो. परंतु कापल्याचा पुरावा पाहिजे! म्हणून पगाराची प्रत्येक पावती जपा, आणि आपल्या नावे किती कर जमा झाला ते प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला पडताळा. एकट्याला जमत नसेल तर खात्यातील चौघांनी मिळून बसावे. संघटना दुसऱ्या कशासाठी असते?

कोणी विचारील, एवढी यातायात कशासाठी? प्राप्तिकर केंद्राचा, पण पगारातून राज्याचा व्यवसायकरही कापला जातो, त्याचा इतिहास ऐका. १९७५ साली महाराष्ट्राने तो बसविला, तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेत ह्या कराइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची होती. शहरातल्या पगारदाराच्या पावतीवरील त्या लहानशा आकड्यातून दुष्काळी गावातल्या मजुराला काम मिळाले. त्याची भाकरी आपल्या तारखेवर अवलंबून होती.

म्हणून कर वेळेवर भरा, पावती जपून ठेवा. आणि मग रस्ता, शाळा, दवाखाना ह्यांचा जाब मान वर करून विचारा.