नोटेची शाई आणि साखळीतला कोड

देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये सदोष छापलेली नोट चलनात जाण्याआधीच बाजूला काढतात. इथेरियम या ब्लॉकचेनवर एकदा चढवलेला कोड मात्र सहसा बदलता येत नाही. म्हणूनच धार-देवासच्या ज्या तरुणांना ब्लॉकचेनवर अ‍ॅप बनवायचे आहे, त्यांनी त्यासाठीच्या सॉलिडिटी भाषेइतकाच वेळ तपासणीच्या साधनांना द्यावा. ब्राउझरमध्ये चालणारे रीमिक्स, आपल्याच संगणकावर चाचण्या घेणारे हार्डहॅट किंवा फाउंड्री, ईथर या इथेरियमच्या चलनाच्या किंमतशून्य रूपावर चालणारे सेपोलिया हे चाचणीचे जाळे आणि ओपनझेपेलिनचा तपासलेला तयार कोड, हे सगळे फुकट आहे. 2016 मध्ये इथेरियमवरच्या ‘द डाओ’ या गुंतवणूक निधीच्या कोडमधल्या एका त्रुटीतून सुमारे 36 लाख ईथर वळवले गेले, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, प्रॉक्सी, म्हणजे मागणी दुसऱ्या कोडकडे वळवणारा मधला कोड, वापरली की मागचा कोड बदलता येतो. खरे आहे, पण मग बदलाची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यावर विश्वास ठेवणे आले. साधा डेटाबेस पुरेल, हा आक्षेप त्याहून वजनदार, आणि बहुतेक वेळा बरोबरही. पण ब्लॉकचेन कामी येते अशीही उदाहरणे आहेत: गडचिरोलीच्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायला घेतले. अशा नोंदीमुळे दाखल्यात नंतर फेरफार झाला का, हे कोणालाही पडताळता येते. मुळातली नोंद खरी होती का, हे मात्र साखळी सांगत नाही. आणि हो, जुने धडे गिरवताना तारीख पाहा: एकेकाळी सर्वत्र शिकवले जाणारे ट्रफल हे साधन बंद करण्याची घोषणा 2023 मध्येच झाली.