मत देण्यापूर्वी माणूस तोलावा
(कोल्हापूर येथील भाषण)



आपल्या कोल्हापुरात गुळाचा सौदा होतो. तेथील जाणता व्यापारी रव्याचा नुसता रंग पाहून बोली लावीत नाही. गूळ फोडून पाहतो, जिभेवर ठेवतो, मगच आकडा उच्चारतो. गुळाच्या एका रव्यासाठी एवढी दक्षता! आणि ज्याच्या हाती पाच वर्षांचा कारभार द्यावयाचा, त्या उमेदवाराची पारख मात्र आपण त्याच्या भाषणाच्या गोडीवरून करतो. हे शहाणपणाचे नव्हे. उमेदवार कसा तोलावा, एवढाच आज माझा विषय आहे. त्यासाठी प्रथम मी आपणांस अमेरिकेत नेणार आहे.

अमेरिकेच्या अध्यक्षाशी आपला काय संबंध, असे आपण विचाराल. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, तेव्हा वुड्रो विल्सन यांना अध्यक्ष होऊन काही महिनेच झाले होते. विल्सन निवडून आले त्या १९१२ च्या निवडणुकीत तेथील कृष्णवर्णीयांपुढे आपल्यासारखाच पेच होता. टाफ्ट यांचा रिपब्लिकन पक्ष हा लिंकनचा पक्ष. परंतु ही मते आपल्या खिशातलीच आहेत अशी त्याची समजूत झाली होती. थिओडोर रूझवेल्ट यांच्या नव्या पक्षाने दक्षिणेतील कृष्णवर्णीय प्रतिनिधींना अधिवेशनात बसू दिले नाही. विल्सन यांनी मात्र न्यायाने वागण्याचे लेखी आश्वासन दिले. त्यावर विसंबून डु बॉइस यांच्यासारख्या थोर विद्वानाने त्यांना पाठिंबा दिला.

पुढे काय झाले? १९१३ सालीच विल्सन यांच्या मंत्र्यांनी टपाल व अर्थ खात्यांत गोऱ्या व काळ्या कर्मचाऱ्यांची फारकत सुरू केली. जेवणाच्या जागा वेगळ्या, शौचालये वेगळी. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र मागण्यात येऊ लागले. म्हणजे कातडीचा रंग पाहून अर्ज बाजूला सारणे सोपे! आपल्या वाडवडिलांनी ज्या पाणवठ्यांचे आणि पंगतींचे दुःख भोगले, त्याचेच हे दुसरे रूप होते. ज्या वर्षी बाबासाहेबांनी त्या देशात पाऊल ठेवले, त्याच वर्षी हे घडत होते. पुढे १९४६ साली त्यांनी स्वतः डु बॉइस यांना पत्र लिहिले, आणि कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचे आपण अभ्यासक आहोत, असे त्यांना कळविले.

डु बॉइस यांच्यासारख्यांचीही पारख चुकली, ती का? आश्वासन तर कागदावर होते. परंतु ते मोडल्यास विल्सन यांचे काही बिघडणार नव्हते. दक्षिणेत साक्षरतेच्या परीक्षा आणि मतदानावरील कर लावून कृष्णवर्णीयांचे मतच हिरावून घेतलेले होते. ज्याच्या हाती मत नाही, त्याला दिलेला शब्द पाळण्याची सक्ती कोणावर नसते.

आता १९४८ साल पाहा. मधल्या काळात लक्षावधी कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत गेले होते आणि तेथे ते मत देऊ शकत होते. नागरी हक्कांच्या ठरावावरून अध्यक्ष ट्रूमन यांच्याच पक्षातील दक्षिणेकडील लोक फुटून निघाले. तरीही ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी सैन्यातील वर्णभेद दूर करण्याचा हुकूम काढला. मतदान नोव्हेंबरात होते. काम जुलैत झाले. ते निवडूनही आले. त्यांच्या मनात केवळ न्यायबुद्धी होती की मतांचा हिशेबही होता, याचा निवाडा आपण कशाला करावा? हुकूम निघाला, ही गोष्ट पक्की.

योगायोग असा, की २६ जुलै ही तारीख करवीरच्या इतिहासातही कोरलेली आहे. १९०२ साली याच दिवशी शाहू छत्रपतींनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला. त्यांना कोणाकडे मते मागावयाची नव्हती. असा राजा क्वचितच लाभतो. लोकशाहीत त्याची वाट पाहत बसून चालत नाही. येथे आपल्या मताचे वजन आपणच निर्माण करावे लागते.

ते याच कोल्हापुराने करून दाखविले आहे. १९५७ साली येथे लोकसभेच्या दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण व एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर सर्व एकवटले, आणि शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे शंकरराव दिगे असे दोघेही निवडून आले. उलट १९५२ साली उत्तर मुंबईत अशाच दुहेरी मतदारसंघात खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला होता. केवळ आपली मते पुरेशी नसतात आणि केवळ नेत्याची थोरवीही पुरेशी नसते, हा धडा त्यात आहे.

आणखी एक खोटे माप आहे, ते धर्माचे. कोणत्याही अधिकारपदासाठी धर्माची कसोटी लावू नये, असे अमेरिकेची घटना सांगते. तरीही १९२८ साली अल स्मिथ यांच्या कॅथलिक धर्माचा प्रचारात बाऊ करण्यात आला व ते हरले. १९६० साली कॅथलिक असलेले केनेडी मात्र निवडून आले. लोकांनी ते माप टाकून दिले. आपल्याकडे १९६२ साली नागपुरातील राखीव जागेवरून विधानसभेत गेलेले मेश्राम यांची निवडणूक १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. कारण ते बौद्ध झाले होते, आणि त्या वेळच्या आदेशानुसार हिंदू व शीख यांनाच अनुसूचित जातीचे मानले जाई. तो आदेश बदलावयास १९९० साल उजाडले. धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षे! म्हणून दारी येणाऱ्या उमेदवाराला तुमच्या धर्मांतराबद्दल आदर आहे की नाही, हे विचारू नका. धर्मांतरितांच्या हक्कांचा प्रश्न सभागृहात आला तेव्हा तो किंवा त्याचा पक्ष कोठे उभा होता, हे विचारा.

जयंतीला हार घालणारे पुष्कळ मिळतील. मागच्या पाच वर्षांत शिष्यवृत्ती, जमीन, स्मशानाची वाट यांसाठी त्याने काय केले? शब्द मोडल्यास त्याला जाब विचारण्याची शक्ती आपल्यात आहे काय? आणि आपल्या मतांना जोड देणारे सोबती कोण? हे तीन प्रश्न घराघरांत बसून, विशेषतः मायभगिनींना विचारून, निकाली काढा. उत्तरे वहीत लिहून ठेवा. पुढच्या निवडणुकीला तीच वही उघडावयाची आहे.

अलाबामातील कृष्णवर्णीयांना आपले मत निर्वेधपणे टाकता यावे, म्हणून १९६५ साली रक्त सांडावे लागले व त्यानंतर कायदा झाला. आपणांस मताचा तो हक्क घटनेने १९५० सालीच दिला. तो एका रात्रीच्या जेवणावर किंवा चार नोटांवर जो विकतो, तो स्वतःच्या मुलांचा वाटा विकतो. उमेदवार पारखून घ्या, मगच मत द्या.

जय भीम.