उघडी मोटार आणि हरवलेला क्लच



आजचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील, याची मला कल्पना आहे. काल याच व्यासपीठावरून उपनिषदांवर विवेचन झाले, उद्या शेतीच्या पाण्याविषयी होणार आहे. आणि मध्येच हा गृहस्थ अमेरिकेतल्या जुन्या मोटारींच्या गिअरवर तासभर काय बोलणार? पण एखाद्या समाजाने काय पैसे मोजून घेतले आणि काय फुकट मिळत असूनही नाकारले, याचा हिशेब त्याच्या ग्रंथांपेक्षा त्याच्या मोटारींत अधिक स्वच्छ सापडतो, असे माझे मत आहे. ते पटले नाही, तर निदान गोष्ट म्हणून ऐका.

टप मिटता-उघडता येणाऱ्या मोटारीला तिकडे कन्व्हर्टिबल म्हणतात. 1950 आणि 1960 च्या दशकांतल्या अशा अमेरिकन गाड्या जमवणारे हौशी लोक आज जगभर आहेत. गाडीचे दार उघडले, की त्यांची नजर आधी खाली, पायांपाशी जाते. तिथे दोन पेडल आहेत की तीन? तिसरे पेडल, म्हणजे क्लच असेल, तर त्यांचा चेहरा खुलतो आणि विकणाऱ्याचा त्याहून अधिक खुलतो! कारण मोठ्या अमेरिकन कन्व्हर्टिबलमध्ये हाताने बदलायचा गिअर फार क्वचित आढळतो. आता क्वचित का? सर्वसाधारण समजूत अशी, की कंपन्यांनी मोजक्या दर्दी लोकांसाठी म्हणून त्या थोड्या काढल्या असतील. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत खरा प्रकार अगदी उलट आहे. त्या थोड्या आहेत, कारण त्या कोणाला नकोच होत्या.

हे नीट समजण्यासाठी त्या काळचा हाताचा गिअर कसा होता ते पाहिले पाहिजे. मी गाडी शिकलो ती एका जुन्या फियाटवर. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत, जिने 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्याचा निरोप घेतला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. खंबाटकीच्या चढावर पुढचा ट्रक थांबला, की एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर, हात हँडब्रेकवर, आणि मागच्या बसचा हॉर्न कानात! त्या दिवशी कोणी मला क्लच नसलेली गाडी देऊ केली असती, तर मी घरचा रेडिओ विकून ती घेतली असती.

अमेरिकेत 1938 च्या सुमारास गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगपाशी नेला गेला. हेतू एवढाच, की पुढच्या सलग बैठकीवर तीन माणसे अवघडल्याशिवाय बसावीत. बैठक मोकळी झाली, पण दांड्यापासून गिअरपेटीपर्यंत सळ्यांचे आणि सांध्यांचे लांब जाळे आले. गती तीनच, पहिल्या गतीला बहुधा सिंक्रोमेश नाही, म्हणजे गाडी चालती असताना ती टाकू पाहिली तर दाते किरकिरायचे. गाडी दोन टनांच्या घरातली. यात चालवण्याचा आनंद शोधणारा माणूस विरळाच.

आणि नेमका याच वेळी पर्याय पुढे आला. 1939 मध्ये जनरल मोटर्सने पुढल्या सालच्या ओल्डस्मोबिलसाठी ‘हायड्रामॅटिक’ नावाची यंत्रणा जाहीर केली. तिची किमया थोडक्यात अशी : आतून पाती असलेल्या दोन मोठ्या वाट्या समोरासमोर तोंड करून तेलात बसवायच्या. इंजिन एक वाटी फिरवते, तिने भिरकावलेले तेल दुसरीला फिरवते, आणि दोहोंमध्ये लोखंडाला लोखंड लागत नाही. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. क्लचचे कामच उरत नाही. पुढच्या चार गती तेलाच्या दाबाने आपापल्या बदलतात. जादा किंमत 57 डॉलर! या कामाचा प्रमुख अर्ल थॉम्पसन. याच माणसाने आधी सिंक्रोमेश सिद्ध करून हाताचा गिअर सुसह्य केला होता. ज्या वैद्याने रोग्याला बरे केले त्यानेच पुढे त्याला मूठमाती दिली, म्हणा ना.

मग युद्ध आले. अमेरिकेच्या एम-5 जातीच्या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिने आणि त्यांना हायड्रामॅटिक जोडलेली होती. जी वस्तू रणगाड्यात टिकते तिच्याविषयी गिऱ्हाइकाला शंका ती काय उरणार? युद्धानंतर रांगच लागली : 1948 मध्ये ब्यूइकचे डायनाफ्लो, 1950 मध्ये शेव्हरोलेचे पॉवरग्लाइड, पाठोपाठ फोर्डचे. 1952 पासून खुद्द रोल्स-रॉइसने हायड्रामॅटिक वापरायला घेतले. म्हणजे इंग्रजांनीही मान तुकवली. 12 ऑगस्ट 1953 रोजी मिशिगनमधल्या लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला. तेव्हा कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबिल यांनी ब्यूइककडून डायनाफ्लो उसने घेतले, पाँटिअॅकने शेव्हरोलेकडून पॉवरग्लाइड घेतले, आणि गाड्या बाहेर काढल्या. सवय इतकी जडली होती.

आता यात उघड्या मोटारीचाच वेगळा विचार का? कारण कन्व्हर्टिबल ही गरजेची गाडी नव्हेच. प्रत्येक कंपनीच्या यादीत ती बहुधा वरच्या किमतीत असे. संध्याकाळी टप मिटवून, डावे कोपर दारावर टाकून, शेजारी जो कोणी बसला असेल त्याच्याशी बोलत सावकाश रपेट करायची, यासाठी ती घ्यायची. अशा गिऱ्हाइकाने टपासाठी पैसे मोजल्यावर गिअरपाशी काटकसर करावी, हे संभवतच नाही. 1957 च्या शेव्हरोले बेल एअरचे उदाहरण घ्या. तीन गतींचा हाताचा गिअर मूळ किमतीतच मिळे. पॉवरग्लाइडला वेगळे पैसे पडत. म्हणजे ज्याला आज आपण दर्दी माणसाची खूण मानतो, ती त्या काळी चार पैसे वाचवणाऱ्याची खूण होती. वरच्या थरात तर निवडीचा प्रश्नच मिटला. 1953 ची कॅडिलॅक एल्डोरॅडो, अवघ्या 532 गाड्या निघाल्या, ती हायड्रामॅटिकसहच आली. 1961 ची चार दारांची लिंकन काँटिनेंटल कन्व्हर्टिबल ऑटोमॅटिकच. फोर्ड थंडरबर्ड, जी 1955 मध्ये हाताच्या गिअरसह आली होती, तीही 1961 पासून ऑटोमॅटिकच. अशा गाडीत तीन पेडल दिसले, तर ते नंतर कोणीतरी बसवलेले, हे निश्चित समजावे.

सर्वांत मौजेची कथा कॉर्व्हेटची. युरोपातून आलेल्या छोट्या शर्यती थाटाच्या गाड्यांना उत्तर म्हणून शेव्हरोलेने 1953 मध्ये ही काढली. 300 गाड्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या उघड्या, आणि सगळ्यांना दोन गतींचे ऑटोमॅटिक पॉवरग्लाइड! शर्यतीचा घोडा आणावा आणि त्याला टांग्याचा लगाम घालावा, तसे झाले. एमजी आणि जॅग्वार चालवणारे लोक हसले. दुसऱ्या वर्षी 3,640 गाड्या झाल्या आणि पुष्कळ विकल्याविना उभ्या राहिल्या. 1955 मध्ये काही थोड्या गाड्यांना तीन गतींचा हाताचा गिअर मिळाला, 1957 मध्ये चार गतींचा आला, आणि त्यापुढे कॉर्व्हेटच्या गिऱ्हाइकाने तोच उचलून धरला. म्हणून 1960 नंतरच्या कॉर्व्हेटमध्ये हाताचा गिअर दुर्मिळ नाही. पहिल्या वर्षाच्या गाडीत तो दुर्मिळ नसून अशक्य आहे. दुर्मिळ आणि अशक्य यांतला हा फरक विकत घेणारे विसरतात, आणि विकणारे कधीच विसरत नाहीत.

1964 च्या पाँटिअॅक जीटीओपासून तरुणांसाठी दांडगी इंजिने घातलेल्या गाड्यांचे पर्व सुरू झाले, आणि तिथे चार गतींचा जमिनीवरचा गिअर हौसेने मागितला गेला. पण या तरुणांना टप नको होता. उघडी गाडी जड, महाग, आणि शर्यतीला कच्ची. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र येणे पुन्हा विरळच. प्लिमथच्या ‘कुडा’ गाडीची 1970 सालची कन्व्हर्टिबल सर्वांत ताकदवान, हेमी नावाच्या इंजिनासह फक्त 14 जणांनी घेतली, आणि त्यांतल्या अवघ्या 5 हाताच्या गिअरच्या. 1971 सालची तशीच एक, चार गतींच्या गिअरची, 2014 मध्ये सिअॅटलच्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली. नवी असताना तिला गिऱ्हाईक शोधावे लागले असणार, हे कोणी लिलावात बोलत नाही.

एवढा पैसा आला, की लबाडीही येते. ऑटोमॅटिक गाडी घ्यायची, तळाचा पत्रा कापायचा, क्लचचे पेडल बसवायचे, आणि ‘मूळचीच’ म्हणून विकायची. प्लिमथसारख्या गाड्यांत बॉनेटखाली, मडगार्डाच्या आतल्या अंगाला, सांकेतिक आकडे कोरलेला एक लहानसा पत्रा असतो; गिअर कोणता बसवला होता ते त्यावरून कळते. आता ते पत्रेही नवे करून मिळतात. मालकाने स्वतःच्या आनंदासाठी गिअर बदलला आणि तसे सांगितले, तर माझी काडीचीही तक्रार नाही. गाडी त्याची, पाय त्याचे. पण जो तसे न सांगता विकतो, तो केवळ गिऱ्हाइकाला फसवत नाही. 1957 साली कोणीतरी त्या दुकानात उभे राहून, आपल्या दमलेल्या डाव्या पायाचा विचार करून, जादा पैसे देऊन जी निवड केली होती, तिच्यावर हा बोळा फिरवतो. अशा शंभर गाड्या फिरल्या, म्हणजे पुढच्या पिढीला वाटेल की त्या काळचे सगळे अमेरिकन लोक गिअर बदलण्याच्या हौसेने वेडे झाले होते.

मघाशी चहाच्या वेळी एका मित्रांनी विचारले, तुम्हाला निवड दिली तर कोणती घ्याल? मी क्षणभरही विचार केला नाही. 1957 ची बेल एअर, टप मिटवलेला, आणि पेडल दोनच. खंबाटकी मी अजून विसरलेलो नाही.