तगर ते तेर : एका नावाचा प्रवास
(वर्षावासाच्या व्याख्यानमालेत विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही तेर या गावाविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे. ज्वारी, तूर, सोयाबीन, ऊस पिकवणारं साधं गाव. संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून ते बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या दोन अक्षरांत दोन हजार वर्षं दडलेली आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत समुद्री व्यापाराची एक माहितीवही लिहिली गेली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. दक्षिणेतल्या मोठ्या बाजारपेठा म्हणून तीत पैठण आणि तगर ही नावं आहेत. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तिथलं जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई.

आम्ही गिरणीत सुताच्या धुळीत आयुष्य काढलेली माणसं. म्हणून आम्हाला पहिला प्रश्न पडतो, ते सूत कातलं कुणी? विणलं कुणी? वहीत बंदर आहे, माल आहे, वाट आहे. विणणाऱ्याचं नाव मात्र नाही. त्यांची आठवण ठेवणारं एवढं एक गावाचं नाव उरलं आहे.

हे तगर कुठलं, यावर विद्वानांचा पुष्कळ वाद झाला. कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर, तर डॉ. भांडारकरांनी धारूर. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिलं. पैठणपासून तेर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. बैलगाडीला दहा दिवस लागणारच. आणि नावाचं म्हणाल, तर बोलता बोलता मधला 'ग' झिजतो. 'नगर'चं जसं 'नेर' झालं, पिंपळनेर, जामनेर, तसंच 'तगर'चं 'तेर'. पुढे ठाण्याचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजेही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. गाव मागे राहिलं, नावाचा मान पुढे गेला.

आता कुणी विचारील, तेर म्हणजे पालीतला 'थेर', स्थविर भिक्खू, असं का नाही? ऐकायला गोड वाटतं. पण जुनं नाव तगर होतं, हे लिहिलेलं आहे. तगर हे सुगंधी वनस्पतीचंही नाव आहे. धम्मपदाच्या पुप्फवग्गात शीलाच्या सुगंधाशेजारी तिचा उल्लेख येतो. तेवढ्यावरून गावाचं नाव त्या वनस्पतीवरून पडलं असं म्हणता येत नाही. नाव जुळलं म्हणजे पुरावा झाला, असं नव्हे. आपण इथे कालाम सुत्त वाचतो ते कशासाठी? दुसऱ्याची भाकडकथा नाकारायची आणि आपली तेवढी मानायची, हे चालणार नाही.

आणि खोट्याची आपल्याला गरजही नाही. १९६० नंतरच्या उत्खननात तेरला विटांच्या स्तूपाचा पाया सापडला आहे, चाकाच्या आऱ्यांसारखा बांधलेला. गावातलं त्रिविक्रम मंदिर विटांचं, मागून अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं छत. ही घडण चैत्यगृहाची, मुळात ते बौद्ध चैत्य असावं असं अनेक अभ्यासक मानतात. मत आहे ते मत म्हणून सांगावं. आज तिथे लोक श्रद्धेने हात जोडतात, त्यांच्याशी भांडण्याचं काही कारण नाही.

हे सगळं टिकलं कसं? तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीत सापडणारे मणी, खापरं, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती बाहुली असं पुष्कळ काही जपलं. आज गावात त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. एका गावकऱ्याने हे केलं. आपण का करू नये?

म्हणून एकच विनंती. घरी गेल्यावर आजीला, आजोबांना विचारा, आपल्या गावाचं नाव कशावरून पडलं? जुनी पांढरी कुठे होती? आपला वाडा गावाच्या कुठल्या अंगाला होता, पाणी कुठून भरत? वहीत लिहून ठेवा. ऐकलेलं ते ऐकलेलं म्हणून लिहा, पाहिलेलं ते पाहिलेलं म्हणून. विणकरांची नावं कुणी लिहिली नाहीत. आपली आपणच लिहायची आहेत.

एवढं बोलून आम्ही थांबतो. नमो बुद्धाय, जयभीम.