दहाच्या आत घरात
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीस साहेबांनी मला ‘शिस्त’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. शिस्तीवर मी छत्तीस वर्षे वर्गात बोललो. त्याचा परिणाम मागच्या रांगेत बसला आहे, तेव्हा त्यावर अधिक बोलण्यात अर्थ नाही. त्याऐवजी गेल्या महिन्यापासून मोहल्ल्यात सह्यांसाठी फिरत असलेल्या एका अर्जाविषयी बोलतो. अठरा वर्षांखालील मुलाने रात्री दहानंतर रस्त्यावर दिसता कामा नये, दिसल्यास पोलिसांनी त्याला उचलून न्यावे आणि बापाला चौकीवर बोलवावे, अशी त्यात मागणी आहे. अर्ज माझ्याकडेही आला. मी सही केली नाही. सही न करणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे, म्हणून हा खुलासा.

अर्ज लिहिणाऱ्यांची कळकळ खोटी आहे असे मी म्हणत नाही. चौकातल्या टपरीसमोर रात्री एक वाजेपर्यंत दुचाकींवर बसलेली मुले मीही पाहतो. त्यांच्या हातात काय फिरते याचीही मला थोडीफार कल्पना आहे. ज्या आईचे लेकरू तिथे बसले आहे तिला झोप लागत नसेल, हे सांगायला विद्वान लागत नाही. पण ‘संचारबंदी’ हा शब्द आपण इतक्या सहज लिहावा याचे मला आश्चर्य वाटले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधली मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना कर्फ्यू म्हणजे दुधासाठी रडणारे मूल आणि बंद खिडकी एवढेच आठवते. इंग्रजीतला हा शब्द मूळ फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘विस्तव झाका’ असा होतो. युरोपातल्या जुन्या गावांत रात्री घंटा झाली की चूल झाकायची, म्हणजे आग लागणार नाही. शब्द चुलीवरून निघाला आणि माणसांवर येऊन बसला.

अर्जात असे वाक्य आहे की ‘प्रगत देशांत असा कायदा आहे.’ तेव्हा तो कसा होता हे पाहणे आले.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील डॅलस शहराने १९९१ मध्ये नियम केला. सतरा वर्षांखालील मुलाने रविवार ते गुरुवार रात्री अकरा ते सकाळी सहा, आणि शुक्रवार-शनिवारी बारा ते सहा, सार्वजनिक जागी असू नये. काही पालक याविरुद्ध कोर्टात गेले. ‘कुत्ब विरुद्ध स्ट्रॉस’ या नावाने हा खटला कायद्याच्या पुस्तकांत आहे. १९९३ मध्ये अपील कोर्टाने नियम वैध ठरवला. का ठरवला ते ऐकण्यासारखे आहे. त्या नियमात सवलतींची मोठी यादी होती. आईबाप बरोबर असतील तर चालेल, आईबापांनी कामाला धाडले असेल तर चालेल. मूल कामावरून परत येत असेल, शाळेच्या किंवा धर्माच्या कार्यक्रमातून येत असेल, घरात कोणी आजारी पडले असेल, तरी चालेल. आपल्या दारासमोरच्या फुटपाथवर बसले तर चालेल, आणि शेजाऱ्याच्या दारासमोरही चालेल, मात्र शेजाऱ्याने तक्रार करता कामा नये! शिवाय कारवाई करण्यापूर्वी पोलिसाने मुलाचे वय आणि बाहेर असण्याचे कारण विचारलेच पाहिजे, असे बंधन होते.

उलट सॅन डिएगो शहराचा १९४७ चा नियम १९९७ मध्ये अपील कोर्टात रद्द झाला. रात्री दहापासून उजाडेपर्यंत मुलांनी भटकू नये, रेंगाळू नये, असे त्यात लिहिले होते. रेंगाळणे म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगायचे? शब्द संदिग्ध आहेत आणि सवलती इतक्या थोड्या की मूल वाढवण्याच्या आईबापांच्या हक्कावरच घाला येतो, असे कोर्टाने म्हटले. आपल्या अर्जात सवलतीची एकही ओळ नाही. औषध आणायला धाडलेले पोर, इशानंतर मशिदीतून रमतगमत येणारे पोर, शिकवणीहून येणारे पोर, सगळी एकाच मापाची.

आता उपयोग किती झाला ते पाहू. या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. अशा संचारबंदीमुळे गुन्हे कमी होतात असे त्याला आढळले नाही. वॉशिंग्टन शहरात तर वेगळेच दिसले. तिथे उन्हाळ्यात मुलांची वेळ रात्री बारापर्यंत असे आणि सप्टेंबर लागला की आठवड्यातल्या दिवशी ती अकरावर येई. गोळीबाराचा आवाज टिपणारी यंत्रे शहरात बसवलेली होती. दोन संशोधक बाईंनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा अकरा ते बारा या तासात बंदी लागू झाल्यावर गोळीबार दीडशे टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. त्यांचा तर्क असा की रस्ता ओस पडला म्हणजे पाहणारे डोळेही जातात. आणि अमेरिकन सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे मुलांच्या हातून होणारे हिंसक गुन्हे सर्वांत जास्त कधी होतात? शाळेच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटल्याबरोबर. रात्री नव्हे. ज्या टेक्सासातल्या डॅलसचा खटला इतका गाजला, त्याच राज्याने २०२३ मध्ये कायदा करून आपत्तीचा प्रसंग सोडता शहरांना मुलांवर अशी संचारबंदी लावण्यास मनाई केली. म्हणजे आपण जे मागायला निघालो आहोत ते त्यांनी टाकून दिले आहे.

कोणी म्हणेल, आइसलँडचे काय? तिथे मुलांच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि तिथली मुले सुधारली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. थंडीच्या दिवसांत बारा वर्षांपर्यंतच्या मुलाने रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळा वर्षांच्याने दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर असू नये; उन्हाळ्यात दोन तास अधिक. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली मुले १९९८ मध्ये शंभरात बेचाळीस होती, ती २०१६ मध्ये पाचावर आली. पण हे एकट्या घड्याळाने केले नाही. रेक्याविकच्या नगरपालिकेने मुलांच्या खेळासाठी, गाण्यासाठी, छंदासाठी आईबापांना पैसे दिले. या वेळा लिहिलेली चुंबके घरोघरी फ्रिजवर लावायला गेली. एका वर्गातल्या मुलांच्या आईबापांनी आपसात करार केले, म्हणजे ‘त्याचे अब्बा त्याला सोडतात, तुम्हीच का नाही’ हा घरोघरचा वाद संपला. आणि सुटीच्या रात्री आईबाप स्वतः टोळीने रस्त्यावर फेरी मारू लागले. तो देश आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या वस्तीचा, श्रीमंत, हे मला कबूल आहे. पण फेरी मारायला श्रीमंती लागत नाही.

अर्जात सहीह बुखारीतल्या एका हदीसचाही आधार घेतला आहे. सांज झाली की मुलांना आत घ्या, हा तिचा आशय लिहिला आहे. पुढे त्याच हदीसमध्ये, रात्रीचा थोडा वेळ गेला की त्यांना मोकळे सोडा, असेही आहे. ते लिहायचे राहिले. कागद अपुरा पडला असावा.

रात्रीच्या वेळेचा एक कायदा आपल्या देशातही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बालमजुरीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. त्याप्रमाणे चौदा ते अठरा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत कामावर ठेवता येत नाही. इथे घड्याळ मालकाच्या गळ्यात बांधले आहे, मुलाच्या नव्हे. अर्जावरच्या सह्या मी वरपासून खालपर्यंत वाचल्या. त्यातल्या किमान तिघांच्या धंद्यावर सोळा वर्षांची मुले मध्यरात्रीपर्यंत कपबश्या विसळतात किंवा मागावर उभी असतात. नावे घेत नाही. ती मंडळी समोर बसली आहेत आणि मला चहा त्यांच्याकडेच प्यायचा आहे. अशा मुलाला रात्री साडेबाराला घरी परतताना पोलिसांनी धरले तर गुन्हेगार कोण?

धरलेल्या मुलाचे पुढे काय होते, तेही ध्यानात घ्या. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. कायदा चांगला आहे. पण एकदा मुलाचे नाव चौकीच्या वहीत चढले की पुढच्या वेळी चौकातली सायकल चोरीला गेली तरी पहिला शोध त्याचाच होतो, आणि कोणत्या मोहल्ल्यातली नावे आधी चढतात हे मी आपल्याला सांगायला नको. आपल्याच हाताने ती वही आपण का उघडावी?

म्हणून मी एक साधे काम केले. मी टपरीवर जाऊन बसलो. पहिल्या दोन रात्री मुले उठून गेली, तिसऱ्या रात्री त्यांना कंटाळा आला आणि ती बसून राहिली. मी विचारले, घरी का जात नाही? एक दहावीतला मुलगा म्हणाला, “सर, घरात एकच खोली आहे. नऊ माणसे. मोठा भाऊ आणि वहिनी आत असतात. अब्बांची पाळी बारा वाजता सुरू होते. ते उठले की मला झोपायला जागा होते.”

हे ऐकून मी गप्प बसलो. छत्तीस वर्षे मी या मुलांना ‘घरी जाऊन अभ्यास करा’ असे सांगत आलो. कोणत्या घरी, हे विचारायचे मला सुचले नव्हते. तो मुलगा भटकत नव्हता, आपल्या अंथरुणाची वाट पाहत होता. सगळेच तसे नाहीत, दोन-तीन नुसते टवाळ आहेत, पण त्यांना मी ओळखतो आणि त्यांच्या अब्बांनाही ओळखतो. त्यांच्यासाठी पोलीस नकोत. मुलींची गोष्ट तर याहून वेगळी. त्या टपरीवर दिसत नाहीत म्हणून कोणाच्या अर्जातही दिसत नाहीत. त्याच एका खोलीत त्या सगळे झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात वाचतात.

आपल्या संस्थेच्या इमारतीत चौदा वर्ग आहेत. संध्याकाळी सहाला त्यांना कुलूप लागते. तळमजल्यावरचे दोन वर्ग रात्री नऊ ते साडेबारा उघडे ठेवावेत, एक मुलांसाठी आणि एक मुलींसाठी, असे मी कार्यकारिणीला लेखी कळवले आहे. मुलींना न्यायला घरचे कोणी यावे लागेल, ते ठरवावे लागेल. विजेचे बिल किती येईल याचा हिशेब खजिनदार साहेबांनी केला आहे आणि तो ऐकून ते दचकलेले नाहीत. अडचण एकच निघाली, रोज रात्री बसणार कोण? एका मोठ्या माणसाशिवाय ते दोन वर्ग म्हणजे दुसरी टपरीच.

मंगळवार आणि शुक्रवार मी घेतले आहेत. माझे गुडघे याहून अधिक परवानगी देत नाहीत. पाच रात्री उरतात. मुलींच्या वर्गासाठी दोन शिक्षिकांनी होकार दिला आहे, पण त्यांना सोबत लागेल. कचेरीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्या हातांनी अर्जावर सही केली त्यांनी जाताना तिच्यातही एक रात्र लिहावी. पेन बांधून ठेवले आहे, नेऊ नये.